दोन डब्यांची वाटणी

आयटीआयमध्ये आम्हाला शिकवणाऱ्या सरांचा पहिला धडा असा होता : व्हॉल्व्हचा सेट उघडला की उजवा हात कामाला आणि डावा हात खिशात. आत तीन-चारशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातानं बाहेर पडते. मग सेट दुरुस्त करायला दुसरं माणूस शोधावं लागतं. वर्गात मी एकटीच मुलगी. मी म्हटलं, "सर, साडीला खिसा नसतो." सर म्हणाले, "मग पदरात गुंडाळ." तेव्हापासून आजतागायत मी डावा हात पदरात गुंडाळून कमरेशी धरते आणि उजव्या हातानं काम करते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाईंचा हात मोडलाय.

माझं दुकान म्हणजे चौलला आमच्या घराची पडवी. एका कोपऱ्यात सुपारी सोलायची जागा, दुसऱ्या कोपऱ्यात माझं टेबल. नवीन गिऱ्हाईक येतं, टेबलामागं मला बघतं आणि विचारतं, "मेकॅनिक कुठे गेलेत?" मी म्हणते, "चहा घेतायत, बसा." मग त्याच्यासमोरच निवांत चहा पिते, कप खाली ठेवते आणि स्क्रूड्रायव्हर उचलते. हा माझा जुना खेळ आहे, आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

सुरुवातीला ट्रान्झिस्टर, मग लग्नमांडवातले अ‍ॅम्प्लिफायर, मग टीव्ही असं करत करत माझी उमेदीची वर्षं गेली. पुढं वस्तू बिघडली की फेकायची पद्धत आली आणि मी टेबल आवरायला काढलं. तेवढ्यात अलिबाग-नागाव पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले उठले, आणि त्या बंगल्यांत काय आलं, तर व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर! जे सेट मी तरुणपणी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाताना बघितले, तेच आता दिवाणखान्यात गणपतीसारखे मांडलेले असतात. मला हसू येतं, पण तक्रार नाही. त्यांच्यामुळेच माझं टेबल अजून जागेवर आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. आत बारीक तार तापते, लालसर उजेड पडतो, आणि त्या उष्णतेच्या जोरावर बारीकसा आवाज मोठा होतो. आमच्याकडचे लोक त्याला 'दिव्यांचा अ‍ॅम्प' म्हणतात आणि ते नाव मला आवडतं. घरी गाणी ऐकायच्या चांगल्या सेटमध्ये असे दोन डबे असतात. पहिला प्रीअ‍ॅम्प. रेकॉर्डवरच्या सुईतून जो अगदी नाजूक आवाज येतो तो हा उचलतो, साफसूफ करतो, कमीजास्त करतो. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर. तो त्या आवाजाला अंगात ताकद देतो आणि स्पीकर हलवतो. पंगतीच्या भाषेत सांगायचं तर पहिला आचारी आणि दुसरा वाढपी. वाढपी कितीही दणकट असला तरी आमटी आचाऱ्यानं बिघडवली असेल तर तो बिघडलेली आमटीच जोरात वाढणार.

निवड करायला मला कुणी नेलं की मी उलट्या टोकानं सुरू करते. आधी खोली बघायची, मग स्पीकर, म्हणजे आमच्या बोलीत पेट्या, मग त्या पेट्यांना पेलेल असा अ‍ॅम्प्लिफायर, आणि सगळ्यात शेवटी त्याच्याशी जमवून घेईल असा प्रीअ‍ॅम्प. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅट?" पेटी हलकी असेल आणि खोली बेताची, तर आठ-दहा वॅट पुष्कळ होतात. एका साहेबांना समुद्रावर फिरताना घरचं गाणं ऐकू यायला हवं होतं. त्यांना मी मांडववाल्याचा पत्ता दिला. एका बाईंनी विचारलं, "यातले दिवे निळे मिळतील का? पडदे निळे आहेत." मी म्हटलं, पडदे बदला, ते स्वस्त पडेल. त्या हसल्या, आणि खरोखरच पडदे बदलले.

शिवाय आपल्या किनाऱ्याच्या भानगडी वेगळ्या. खारा वारा व्हॉल्व्हच्या पायांना हिरवं करतो. मे महिन्यात सगळ्या बंगल्यांचे एसी एकदम लागले की व्होल्टेज बसतं. उबेला म्हणून पाली आत शिरतात आणि नको तिथं पाय ठेवतात. आणि धूळ! धुळीचं आणि माझं हाडवैर आहे. परक्याच्या घरी गेले तरी पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी मी त्यांच्या टीव्हीवरची धूळ पुसते. आमचे हे म्हणतात, तुला चारचौघांत न्यायची सोय नाही.

हे सगळं सांगितलं ते हिरामणकाकांच्या सेटची गोष्ट नीट कळावी म्हणून. इतक्या वर्षांत हाताखालून कितीतरी सेट गेले, पण जीव जडला तो याच एका सेटवर.

आंब्यांचे दिवस होते. दारात जीप थांबली आणि पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस काखेत डबा घेऊन उतरला. रेवसच्या अलीकडच्या एका गावातला, कमळाकर नाव. आजोबा मिठागरावर राबले, आता याचे स्वतःचे ट्रेलर बंदराच्या कामाला लागतात. माझ्याकडं बघून त्यानं मेकॅनिक कुठं आहे असं विचारलं नाही, म्हणून मीही चहाचा खेळ केला नाही.

"ताई, ह्याला अ‍ॅम्प्लिफायर पायजे," तो म्हणाला. "दिव्यांचाच. चांगल्यातला."

डबा म्हणजे प्रीअ‍ॅम्प होता. हिरव्या रंगाचा, हातानं बनवलेला, आतलं जोडकाम इतकं सुबक की बघत राहावं. मी तो फिरवून मागची बाजू बघितली आणि थबकले. विजेच्या बोर्डात घालायची वायरच त्याला नव्हती. तिच्या जागी आठ पिनांचं एक गोल सॉकेट होतं.

काही जुन्या जोड्या अशा असतात. प्रीअ‍ॅम्पला स्वतःची वीज नसते. तो आपल्या अ‍ॅम्प्लिफायरकडून एका जाड केबलनं वीज घेतो. दोन्ही डबे एकाच माणसानं एकाच टेबलावर एकमेकांसाठी बनवलेले असतात. त्या केबलला मी नाळ म्हणते.

"ह्याचा जोडीदार कुठाय?" मी विचारलं.

"दुसरीकडं हाय."

"मग घेऊन या की. दुसरा कशाला शोधायचा?"

"तो आनायचा न्हाय." कमळाकरनं मान वळवून सुपारीच्या ढिगाकडं बघितलं. मग स्वतःच बोलला, "आमचे बाबा एक म्हैना माझ्याकडं असतात, एक म्हैना दुसरीकडं. त्यांना गान्याचं येड. पन आता घरात आले का नुसते भिताडाकडं बघत बसतात. मना वाटतं, घरात हे वाजतं असलं तर बसतील जरा हसून."

मी म्हटलं, डबा ठेवून जा, याला वेगळी वीज देता येते का बघते. देता येते. थोडं काम आहे, पण येते.

मे संपत आला होता तेव्हा दुसरी गाडी थांबली. तिच्यातून उतरलेला माणूस जरा बारीक, बोलका, बंगल्यांची कंत्राटं घेणारा. विलास. त्यानं घोंगडीत गुंडाळलेला जड डबा टेबलावर ठेवला आणि घोंगडी उघडली. तोच हिरवा रंग, तेच आठ पिनांचं सॉकेट.

"ताई, ह्याला प्रीअ‍ॅम्प पायजे," विलास म्हणाला. "आमचे बाबा माझ्याकडं आले का नुसते भिताडाकडं बघत बसतात."

मी टेबलाखालचा कमळाकरचा डबा पायानं आणखी आत सरकवला.

विलासला काही विचारावं लागलं नाही, त्यानं आपणहून सगळं सांगितलं. वडील मुंबईच्या गोदीत इलेक्ट्रिशियन होते. कुणा बोटीवरच्या इंजिनिअरनं हा सेट स्वतः बनवला होता. मायदेशी कायमचा परत जाताना तो त्यानं यांना दिला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँचमध्ये वडील तो मांडीवर घेऊन, खाऱ्या पाण्याचे तुषार उडू नयेत म्हणून वर स्वतःचा शर्ट पांघरून, उघडे बसून आले होते. रोज संध्याकाळी ओटीवर रेकॉर्ड लागायची. दोघं भाऊ वडलांच्या दोन बाजूंना बसायचे.

मग भावाभावांत बिनसलं. विलासच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी कमळाकरचा ट्रेलर नेमका विलासच्या दारासमोर उभा राहिला. कमळाकर म्हणतो अ‍ॅक्सल मोडला होता. विलास म्हणतो मुद्दाम लावला. पाहुणे शेताच्या चिखलातून आत आले. त्यानंतर बोलणं बंद, मधे भिंत, आणि वडलांच्या हयातीतच वाटणी.

आमच्याकडच्या वाटण्या ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांना हे खरं वाटणार नाही. माड मोजून वाटतात, विहिरीच्या पाळ्या वाटतात. एका घरात झोपाळ्याची फळी एका भावाकडं आणि कड्या दुसऱ्याकडं गेलेल्या मी स्वतः बघितल्यात. दोन्हीही माळ्यावर पडून आहेत. हिरामणकाकांच्या घरीही तसंच झालं. सेटचे डबे दोन, भाऊ दोन. एक डबा ह्याला, एक डबा त्याला. पेट्या दोन, एकेकाला एकेक. रेकॉर्डी पत्ते वाटावेत तशा एकाआड एक वाटल्या. रेकॉर्ड प्लेअर बंद पडलेला होता म्हणून तो कुणालाच नको होता.

"आणि नाळ? ती जाड केबल?" मी विचारलं.

"ती मना मिळाली न्हाय," विलास म्हणाला. "त्याच्याकडं असंल."

कमळाकरला मी आधीच फोनवर विचारलं होतं, त्याच्याकडंही ती नव्हती.

विलास गेल्यावर मी दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि नुसती बघत बसले. विलासच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर ओल धरून बसला होता. पूर्वी असं काही झालं की मी म्हसळ्याच्या चाचांकडं धाडायची. गल्फमध्ये शिकून आलेले, ट्रान्सफॉर्मर असा गुंडाळायचे की तार कुठं सुरू झाली ते दिसू नये. चाचा गेले आणि त्यांच्या घरात ती कला कुणी उचलली नाही. मला त्याची फार चुटपुट लागते. मीसुद्धा कुणाला काही नीट शिकवलेलं नाही. शेवटी ट्रान्सफॉर्मर उन्हात ठेवून, दिव्याखाली शेकवून मीच सुकवला.

आमचे हे सुपारी सोलता सोलता म्हणाले, "एकाला आचारी विक, एकाला वाढपी विक. दोन गिऱ्हाइकं घर शोधत आलीत, आणि तू तोंड पाडून बसलीस."

त्यांचं खरं होतं. धंदा म्हणून काहीच अवघड नव्हतं. कमळाकरला एखादा बरासा अ‍ॅम्प्लिफायर, विलासला एखादा बरासा प्रीअ‍ॅम्प, आणि दोन्ही घरांत गाणं सुरू. पण मला ते करवेना. दोघांचे दोन सेट पूर्ण झाले असते की हे दोन डबे जन्मात पुन्हा एका टेबलावर आले नसते. आणि भिंतीकडं बघत बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याला त्याचं गाणं कुठंच मिळालं नसतं. दोन्हीकडं मिळालं असतं ते अर्धं त्याचं आणि अर्धं कुणाचंतरी. मी दोघांनाही फोनवर सांगितलं, काम लांबलंय. आमच्या धंद्यात हे वाक्य कुणालाही खोटं वाटत नाही.

मग एका दुपारी रिक्षातून एक म्हातारा उतरला. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. पायरी चढून आला आणि टेबलावरच्या दोन डब्यांकडं बघून हसला.

"बाय, मी हिरामण. ह्या दोगांचा बाप."

"डब्यांचा की मुलांचा, काका?"

"दोनी जोड्यांचा." ते बाकावर टेकले. "एक पोरगा सांगतो रेडिओबाईकडं काम चाललंय, दुसरा पन तेच सांगतो. मी बोललो, बगू तरी."

त्यांनी पिशवीतून जुन्या पंच्यात गुंडाळलेली नाळ काढली. दोन्ही टोकांच्या पिना लख्ख होत्या. हे कुणीतरी वरचेवर पुसतं, हे माझ्यासारखीला एका नजरेत कळतं.

"ही तुमच्याकडं होती?"

"केबल अर्धी कापता येत न्हाय ना. म्हनून ऱ्हायली माझ्याकडं. ह्या घरातून त्या घरात जाताना संगं नेतो."

मी म्हटलं, "काका, लोक म्हणत असतील, म्हातारा हुशार. मुद्दाम अशी वाटणी केली, म्हणजे पोरं एकत्र येतील."

काका नाळेच्या पिना पंच्यानं पुसायला लागले. मग म्हणाले, "कसली हुशारी, बाय? राग आलता मना. दोगं बसून ताटं-वाट्या मोजत व्हते. मी बोललो, ह्ये पन घ्या. एक डबा ह्याला, एक डबा त्याला. मना वाटलं, एक तरी बोलंल, बाबा, हा ऱ्हाऊ दे तुमाला. कोनी बोललाच न्हाय."

मी उठून उगीचच व्हॉल्व्हचा खोका शोधायला लागले.

नाळ जोडली, माझा रेकॉर्ड प्लेअर लावला, माझ्या दुकानातल्या पेट्या लावल्या. व्हॉल्व्ह तापायला जरा वेळ लागतो. आधी तारा लाल होतात, मग पेटीतून अगदी हलका सुस्कारा येतो, आणि मग गाणं. काका डोळे मिटून एक अख्खी बाजू ऐकत बसले. संपल्यावर म्हणाले, "डबे माझेच हायत. पन ह्या पेट्या माझ्या न्हाईत."

"तुमच्या पेट्या आणवते," मी म्हटलं.

माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पेट्यांवर वाजवून दाखवल्याशिवाय मी कुठलाही सेट ताब्यात देत नाही. दुकानातल्या पेट्यांवर गोड लागलेलं घरी गेल्यावर कडू लागतं आणि मग भांडणं होतात. या नियमाचा मी तेवढा एकदा गैरफायदा घेतला. दोघांना फोन केला, गुरुवारी सकाळी तुमची पेटी घेऊन या. दुसराही येणार आहे हे सांगितलं नाही.

"मी पन येतो," काका म्हणाले. "मी नसलो तर मारामारी करतील. असलो तर नुसते गप ऱ्हातील."

गुरुवारी कमळाकर आधी आला. पेटी खांद्यावर घेऊन पडवीत शिरला, तर समोर वडील बसलेले, आणि टेबलावर दोन्ही डबे नाळेनं जोडलेले. तो काही बोलायच्या आत विलासची गाडी लागली. विलास दारातच थांबला. पेटी त्याच्या दोन्ही हातांत होती, नाहीतर तो नक्की मागच्या मागं गेला असता.

"ताई, हे काय?" तो म्हणाला.

"ह्या डब्याला प्रीअ‍ॅम्प हवा होता ना तुम्हाला? आणि ह्यांना अ‍ॅम्प्लिफायर. मी सगळीकडं बघितलं. ह्याच्याहून चांगला जोड ह्या जिल्ह्यात नाही. विकत घ्यायचा असेल तर दुसरं दुकान बघा, मी देणार नाही."

"बसा दोगं," काका एवढंच म्हणाले.

एक भाऊ डाव्या भिंतीशी स्टुलावर बसला, दुसरा उजव्या भिंतीशी. दोघांचीही नजर रस्त्याकडं. ज्यानं त्यानं आपापल्या पेटीला आपापली वायर जोडली, कुणी कुणाला मदत केली नाही. काकांनी घरून तो बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर आणला होता. त्याचा पट्टाच तुटला होता, तो मी बसवला. पदर गुंडाळला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. काकांनी स्वतःच्या हातानं सुई ठेवली.

गाणं सुरू झालं आणि काकांचा चेहरा उतरला. माझाही. वाद्यं कुठून कुठं पसरलेली, ठेक्यात जीव नाही, आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, कधी डाव्या कोपऱ्यात, कधी उजव्या.

"बाई कुठं गेली?" काका म्हणाले. "बाई मधे असायची. दोगांच्या मधे. तिथं." त्यांनी दोन पेट्यांमधल्या मोकळ्या जागेकडं बोट केलं.

मला कारण क्षणात कळलं. दोन पेट्या असल्या की दोघींच्या आतल्या कागदी पडद्यांनी एकाच वेळी पुढं यायला हवं आणि एकाच वेळी मागं जायला हवं. मग गाणाऱ्याचा आवाज डाव्या पेटीतून येत नाही की उजव्या पेटीतून येत नाही. तो दोघींच्या बरोबर मधून, जिथं काहीच नाही तिथून येतो. स्टीरिओची गंमत ती एवढीच. पण एका पेटीच्या वायरी उलट लागल्या, तर एक पुढं ढकलते तेव्हा दुसरी मागं ओढते, आणि मधलं माणूस नाहीसं होतं. विलासनं आपली पेटी घरी एकटीच कशावर तरी वाजवली असणार आणि इथंही सवयीनं वायरी तशाच उलट्या लावल्या होत्या. एकटी पेटी उलटी लागली तरी कळत नाही. जोडीत बसल्यावरच कळतं.

मी उठणार होते. पण काय झालं कोण जाणे, उठले नाही. डावा हात पदरात तसाच ठेवून बसून राहिले.

कमळाकर रस्त्याकडं बघत होता तो वळला. वडलांच्या बोटाकडं बघितलं, मग पेट्यांकडं. लहानपणापासून त्या पेट्या त्यानंच पुसल्या होत्या, त्यानंच जोडल्या होत्या. त्याची नजर विलासच्या पेटीच्या मागं गेली आणि तिथंच थांबली. तो स्टुलाच्या कडेला सरकला. मग म्हणाला,

"लाल खाली लावलीस तू. वर लाव."

विलासनं मान वर केली नाही. तो स्टुलावरून उतरून गुडघ्यांवर बसला आणि वायर सोडवायला लागला. स्क्रू घट्ट होता, त्याचा हात घसरला. कमळाकर उठला, टेबलावरची माझी पक्कड घेतली आणि भावाच्या शेजारी जाऊन बसला. "धर इथं," तो म्हणाला. विलासनं धरलं.

त्यांनी वायर बदलली त्याच क्षणी ठेक्यात वजन आलं आणि बाई मधे येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही भाऊ पेटीमागं जमिनीवर बसलेले, त्यांना तिथून ते नीट ऐकूही येत नसणार. पण वडलांचं तोंड त्यांना दिसत होतं. काका रडत होते आणि हातानं मांडीवर ठेका धरत होते. मीही रडले. आमचे हे सुपारी सोडून मागच्या दारी गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

तेवढ्यावर सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. भिंत होती तिथंच राहिली. ठरलं ते एवढंच, की सेट वडलांबरोबर फिरायचा. महिना पालटला की ज्याचा डबा त्यानं उचलायचा, ज्याची पेटी त्यानं उचलायची, आणि दुसऱ्याच्या घरात नेऊन स्वतः जोडून द्यायची. मी कपाळाला हात लावला. व्हॉल्व्हच्या सेटला असा प्रवास सोसत नाही, हे मी तिघांनाही बजावलं. तिघांनीही ऐकलं नाही. नाळ मात्र काकांकडं. रोज गाणं झालं की ते ती काढून घ्यायचे आणि पंच्यात गुंडाळून उशाशी ठेवायचे.

"ज्याच्या घरी भांडान होईल त्याच्या घरी गानं बंद," त्यांनी मला सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं, पण डोळ्यांत धाक होता. दोघं पुन्हा तुटले तर नुसता डबा घेऊन जातील, ही भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

पुढं अधूनमधून कमळाकरचा फोन यायचा, कधी विलासचा. एक व्हॉल्व्ह मंदावला, एक पिन सैल झाली. प्रवासानं काय होणार दुसरं! मग फोन कमी होत गेले. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिनसलं असणार. धंद्यात गिऱ्हाईक गप्प झालं की मी नेहमी वाईटच धरून चालते.

यंदा गणपती होऊन गेल्यावर विलासचा फोन आला, एक नळी गेली वाटतं, येऊन बघाल का. मी विलासच्या दारात जाऊन हाक मारली तर त्याची बायको भिंतीपलीकडून म्हणाली, "ताय, हिकडं या. सगळी हिकडंच हायत." भिंतीवर दोन्ही घरांच्या गोधड्या एकाला एक लागून वाळत होत्या. कमळाकरच्या हॉलमध्ये सेट होता. काका खुर्चीत, पाय वर घेऊन. विलास बनियनवर, हातात चहा. आत जाऊन आणखी साखर घालून आला, साखरेचा डबा कुठं असतो ते कुणाला विचारलं नाही.

"ह्या महिन्यात पाळी विलासची ना?" मी विचारलं.

काकांनी कमळाकरकडं बघितलं, कमळाकरनं विलासकडं.

"कोनाची हाय रं?" काका म्हणाले.

"काय म्हाईत," विलास म्हणाला.

नळी खरंच गेली होती. मी पदर गुंडाळला, ती काढली, नवी बसवली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत माझ्या सवयीनं पिशवीतून कापड काढलं आणि पुसायला घेतलं. आधी प्रीअ‍ॅम्प, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग पेट्या. मग सेटच्या मागं हात घातला आणि नाळेपाशी आले. दोन्ही टोकं आपापल्या सॉकेटमध्ये बसलेली. पिनेच्या मुठीवर आणि सॉकेटच्या कडेवर धुळीचा एक सलग, राखाडी थर होता. बोट लागलं नव्हतं, कापड लागलं नव्हतं. किती महिन्यांत ती कुणी काढलीच नव्हती.

मी खुर्चीकडं बघितलं. काका गाणं सुरू व्हायची वाट बघत डोळे मिटून बसले होते. मी कापडाची घडी केली आणि तेवढी जागा तशीच सोडून पिशवीत ठेवून दिली.